फळीपलीकडचा हिरवा ठिपका

माझाच आवाज मला परत ऐकू आला तेव्हा मी वैतागले होते, घाबरले नव्हते. हे आधीच सांगून ठेवते, कारण गौरीश हीच गोष्ट सांगतो तेव्हा मी पांढरीफटक पडले होते असं सांगतो.

सकाळची सव्वानऊची मीटिंग. पडद्यावर अकरा चौकोन, अकरा चेहरे, आणि या अकरा जणांची मी मुख्य. इस्पितळात लोकांना ताटकळायला लागू नये म्हणून नंबर लावायचं जे सॉफ्टवेअर असतं ना, ते आम्ही करतो. आम्ही अकरा जण एका खोलीत कधीच बसलेलो नाही. कोणी काय करायचं हे एका बोर्डावर ठरतं. प्रत्येक कामाचं एक कार्ड... ते ‘करायचंय’मधून ‘चालू’मध्ये जातं आणि ‘चालू’मधून ‘झालं’मध्ये. नावापुढे हिरवा ठिपका दिसला की माणूस जागेवर आहे, करडा झाला की उठलाय. कोण कुठे बसलंय हे विचारायची पद्धत नाही. म्हणजे तोवर तरी नव्हती.

कंपनीच्या कागदावर मी बंगळूरला, बसवनगुडीत राहत होते. प्रत्यक्षात चार वर्षं मी सिर्सीच्या पुढे, होन्नेसरला, आमच्या घरी होते. माझ्या मागे पडद्यावर दिसायची ती पांढरी भिंत आणि कुंडीतलं झाड, दोन्ही खोटी. त्या आठवड्यात फणसाची फांदी आमच्या तारेवर पडली आणि घरचं इंटरनेट गेलं. तार जोडणाऱ्यानं सोमवारचा वायदा केला. कुठल्या सोमवारचा, ते सांगितलं नाही. म्हणून मी दूध सोसायटीच्या सेक्रेटरीला, गपण्णाला गाठलं. दुधाची फॅट मोजायच्या मशीनसाठी तिथे पक्की लाइन आहे. त्यानं मला मागची खोली उघडून दिली. कोणाला सांगू नका असं मी बजावलं, तेव्हा त्यानं छातीवर हात ठेवून देवालासुद्धा सांगणार नाही म्हणून शब्द दिला. तो त्यानं इतका पाळला की जे मला सांगायलाच हवं होतं तेही सांगितलं नाही.

तर मी म्हणाले, “सुप्रभात मंडळी.” क्षणभरानं कुठूनतरी उत्तर आलं, “...प्रभात मंडळी.” माझ्याच आवाजात.

कोणाचातरी आवाज घुमतोय, सगळ्यांनी म्यूट करा, असं मी सांगितलं. सगळ्यांनी केलं. तरी घुमतच होता. मी एकेकाला नावानं विचारत गेले आणि माझा प्रत्येक प्रश्न मला दोनदा ऐकू येत गेला. शेवटी चिडून कानातलं काढून टेबलावर टाकलं... आणि तरीही ऐकू आला. लॅपटॉपमधून नव्हे. डाव्या हाताच्या फळ्यांच्या भिंतीतून.

“गौरीश, तुम्ही म्यूट आहात ना?” मी हळूच विचारलं.

“आहे मॅडम,” फळ्या म्हणाल्या.

गौरीश भट दोन महिन्यांपूर्वी आमच्यात आला होता. पहिल्या दिवशी मूळ गाव कोणतं म्हणून विचारलं तर म्हणाला, मल्लेश्वरममध्येच वाढलो. त्याच्या मागे पुस्तकांनी गच्च भरलेलं कपाट दिसायचं. माणूस मोजकं बोलायचा, पण माझ्या प्रत्येक कार्डाखाली एकच शब्द लिहायचा. “कारण?” मी ज्याला दोन ओळींत काम सांगावं त्यानं मला एका शब्दात दहा ओळी लिहायला लावाव्यात, याचा मला राग होता. आणि राग असूनही दिवसातून चारदा त्याचा हिरवा ठिपका आहे का ते मी बघायची, हेही खरं.

मी मीटिंग पाच मिनिटं थांबवली आणि इमारतीला वळसा घातला. बावीस पावलं. पलीकडच्या दाराशी पशुखाद्याची पोती रचलेली. आत लुंगी नेसलेला, वरून मात्र इस्त्रीचा शर्ट घातलेला एक तरुण लॅपटॉपपुढे बसलेला होता. मागे पुस्तकांचं कपाट वगैरे काही नाही, नुसत्या मातीच्या भिंती आणि एक मोडकी सायकल.

त्यानं वर पाहिलं. लुंगी सारखी करायचं त्याला सुचलं नाही आणि मान वळवायचं मला सुचलं नाही.

“मल्लेश्वरम छान आहे,” मी म्हटलं.

“बसवनगुडी इथून जवळच आहे असं दिसतंय,” तो म्हणाला. मग एकदम आमच्या घरच्या बोलीवर आला. “बसा ना. प्यायला काय देऊ? ताक की धणेजिऱ्याचा गरम कषाय? कानातल्याची वायर गाईनं खाल्ली हो, नाहीतर आवाज घुमला नसता.”

पकडला गेलेला माणूस आधी पाहुणीला प्यायला काय हवं ते विचारतो. आमच्याकडची माणसं अशीच. मी ताक घेतलं आणि बसून पूर्ण प्यायले, तिकडे नऊ जण मीटिंगमध्ये वाट बघत असताना.

तो नदीपलीकडचा, सिद्दापूरच्या बाजूचा. सुपारीची बाग आणि आईवडील, आणि वर्षभरापासून गपण्णाची ही खोली. त्यानंही गपण्णाला शपथ घातली होती. गपण्णानं दोन शपथा दोन खिशांत ठेवल्या आणि आमच्यामध्ये फळी आहे एवढ्यावर निर्धास्त राहिला.

तार जोडणाऱ्याचा सोमवार आला. घरचं इंटरनेट सुरू झालं. मी मात्र सोसायटीतच बसत राहिले. आईनं विचारलं, तेव्हा तिथे लाइन चांगली आहे असं सांगितलं. आईनं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि चांगली असेल, असं म्हणाली.

आमची रीत अशी पडली. फळीपलीकडून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर बसूनसुद्धा आम्ही एकमेकांना लिहूनच बोलायचो. सवयच तशी होती. मीटिंगमध्ये मी कोणावर उखडले की फळीवर एक टकटक व्हायची, म्हणजे शांत. माझं बरोबर असलं की दोन. माझ्या वाट्याला एकेरीच पुष्कळ आल्या. मग एका कार्डाखाली त्यानं नेहमीप्रमाणे विचारलं, “कारण?” मी लिहिलं, “कारण मी सांगतेय.” आणि फळीवर दोन टकटक झाल्या. त्या दिवशी माझ्या हातून सरळ एक ओळ लिहून झाली नाही.

अकरा वाजता कौली यायची. कौली म्हणजे गपण्णाची गाय, वायर खाणारी तीच. पोत्यांपाशी सांडलेलं पशुखाद्य चाटायला आधी ती गौरीशच्या खिडकीत उभी राहायची आणि तिथलं संपलं की माझ्या खिडकीत. एक दिवस ती आली तर तिच्या शिंगाला अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा. केळीच्या सोपटात ओवलेला, ओबडधोबड... बाईच्या हातचा नक्कीच नव्हे. अर्धा तिनं वाटेत खाल्ला होता.

मी लिहिलं, “तुमच्याकडून निघालेला माल वाटेत कमी झालाय.”

तो म्हणाला, म्हणजे लिहिलं, “पोचवणारी नवीन आहे. उद्या शिंगाला जरा वर बांधतो.”

“तुम्ही स्वतः आणून द्यायला बावीस पावलं लागतात.”

तीन ठिपके हलत राहिले, थांबले, पुन्हा हलले. मग उत्तर आलं, “तेवढी हिंमत असती तर.”

वळेसर रोज येत राहिला. मी तो केसांत माळत नव्हते, टेबलावर ठेवायची. माळला असता तर तो घरी जाईपर्यंत सगळ्या गावानं वाचला असता.

एकदा सोसायटीच्या पायरीवर डबे उघडून बसलो होतो. त्याच्या आईची ताकातली तंबुळी, माझ्या आईचे उसाच्या रसाचे पापडासारखे तोडदेवु. सहज बोलावं तसं त्यानं सांगितलं, की तीन ठिकाणी त्याचं बोलणं झालं होतं. पत्रिका जुळली, नोकरी पसंत पडली, मुलगाही पसंत पडला. मग मुलींनी विचारलं, बंगळूरला घर कुठे? हा म्हणाला, मी गावातच राहतो आणि इथेच राहणार. तिथेच तिन्ही वेळा चहा थंड झाला. आमच्याकडे हे घरोघरी आहे. मुली सगळ्या शहरात गेल्या आणि बागांमध्ये पस्तिशीचे मुलगे सुपाऱ्या सोलत बसलेत.

“त्यांचं काही चुकलं नाही,” तो म्हणाला. “तूही जाशीलच ना... आज ना उद्या.”

“तू” म्हणाला होता. मला ते आवडलं आणि बाकीच्या वाक्याचा संताप आला. मी म्हटलं, मी चार वर्षं इथे आहे, मला कोणी बांधून ठेवलेलं नाही. त्यानं मान हलवली, पण ती पटलेल्या माणसाची नव्हती.

आणि मग रघुनंदन सरांचा हुकूम आला. रघुनंदन सर आमच्या सगळ्यांच्या वरचे. माणूस वाईट नाही, पण वरून आलेलं खाली लोटायचं एवढंच त्यांना ठाऊक. सगळ्यांनी बंगळूरला राहायचं, आठवड्यातून तीन दिवस ऑफिसात यायचं. जो शहराबाहेर सापडेल त्याची नोकरी गेली असं समजायचं. शुक्रवारच्या मीटिंगला सगळ्यांनी मागची खोटी चित्रं काढून बसायचं. आणि मुख्य म्हणून मी त्याआधी गुपचूप एक यादी भरून द्यायची, माझ्या माणसांपैकी कोण खरंच कुठे राहतं त्याची. तक्ता त्यांनी बनवून पाठवला होता. नाव, गाव, शेरा.

मी तो तक्ता उघडला. पहिल्या ओळीत कोणाचं नाव लिहायचं? गौरीशचं लिहिलं तर त्याची नोकरी माझ्या हातानं जाते. नाही लिहिलं तर शुक्रवारी कॅमेऱ्यात ती मातीची भिंत दिसणारच. आणि माझं? मी बंगळूरला जाऊन एक खोली घेतली तर माझं सगळं सुरळीत होतं. मग अकरा वाजता खिडकीत गाय नाही, फळीवर टकटक नाही. तो म्हणाला होता तेच खरं होतं... चौथीसुद्धा गेली.

आईनं ऐकलं आणि म्हणाली, जा, निदान तिथे लग्न तरी होईल.

गुरुवारी गौरीश पहिल्यांदाच बावीस पावलं चालून माझ्या दाराशी आला. मला वाटलं, हिंमत झाली. तर म्हणाला, “मी सरांना आजच लिहितो. मी एकटाच इथून काम करतो म्हणून सांगतो. चौकशी माझ्यावरच संपेल. तू शनिवारी बंगळूरला जा, तुझं नाव कुठेच येणार नाही.”

“आणि तू?”

“मला बाग आहे.”

“मला कुठे जायचंय ते ठरवणारा तू कोण?”

तो दाराच्या चौकटीवर बोट फिरवत उभा.

“नाही, सांग ना. तू माझा कोण? सर मला बंगळूरला पाठवतात, आई पाठवते, आता तूही पाठवतोस. निदान ते सरळ जा म्हणतात तरी. तू तर परस्पर त्यागच करून मोकळा झालास.”

“विनुता, मला तुझं भलंच...”

“माझं भलं मला कळतं. तू ते पत्र पाठवलंस तर याद राख, कौलीकडून परत येणारा वळेसर तुझ्या तोंडावर येईल.”

तो गेला. फळीपलीकडे दिवसभर काही वाजलं नाही. पत्र मात्र त्यानं पाठवलं नाही. तेवढं त्याला कळतं.

शुक्रवारी मी नेहमीच्या जागी बसले. माझ्या खोलीत उत्सवाचे ढोल आहेत, यक्षगानाच्या किरीटांच्या पेट्या आहेत, कोळिष्टकं आहेत. मी एक धूळसुद्धा पुसली नाही. सव्वानऊ वाजले. रघुनंदन सर आले. घसा साफ करून त्यांनी सांगायला सुरुवात केली की आता एकेकानं आपली मागची भिंत...

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी माझी काढली.

बसवनगुडी गेली. किरीट आले, ढोल आले, खिडकी आणि खिडकीबाहेरच्या सुपाऱ्या आल्या. मग मी तो तक्ता सगळ्यांच्या पडद्यावर लावला. गुपचूप भरायचा होता, तो दहा जणांना उघडा करून दिला. पहिल्या ओळीत माझं नाव होतं. गाव होन्नेसर. शेऱ्यात लिहिलं होतं, चार वर्षं.

सर हादरले होते, पण बोलले ते मायेनंच. तेच मला जड गेलं. “विनुता, घरी कोणी आजारी आहे का? वडील वगैरे? तसं असेल तर आपण कागदावर काहीतरी करू. कारण सांग फक्त.”

एक खोटा शब्द बोलले असते तर सुटले असते. अप्पय्यांचे, म्हणजे वडिलांचे, गुडघे दुखतातच. पण फळीपलीकडे एक माणूस कान देऊन बसला होता, आणि त्याला आजवर तीन जणींनी गावात राहायला काही कारणच असू शकत नाही असं सांगून ठेवलं होतं.

“घरी सगळे ठणठणीत आहेत, सर,” मी म्हटलं. “मला इथे राहायला आवडतं. म्हणून मी इथे राहते. चार वर्षांत माझं एक कार्ड उशिरा झालेलं नाही, बोर्ड तुमच्यासमोर आहे. मी खोटं बोलले ते चुकलं. राहिले ते चुकलं नाही.”

आणि फळीवर... दोन टकटक.

पडद्यावर गौरीशच्या चौकोनातलं पुस्तकांचं कपाट विरघळलं आणि मातीची भिंत, मोडकी सायकल, पोती दिसायला लागली. तक्त्यात दुसऱ्या ओळीवर हिरवी खूण आली. एकाच तक्त्यात सगळे लिहायला लागले की ज्याची त्याची खूण वेगळ्या रंगात हलते, त्याची हिरवी. अक्षरं उमटली. गौरीश भट. गाव नदीपलीकडचं नव्हे, होन्नेसर. शेऱ्यात त्यानं लिहिलं, “कारण माहीत आहे.”

मग तिसऱ्या ओळीवर केशरी खूण. मदुराईहून हरिणी. चौथीवर निळी. मडिकेरीहून पोन्नम्मा, तिच्या मागे कॉफीची झाडं आणि झाडांत वाळत घातलेली चादर. एकेक करून सगळी खोटी चित्रं गेली. कोणाचं स्वयंपाकघर, कोणाची गच्ची, कोणाचा पाळणा. बंगळूरला आमच्यातले चौघेच निघाले. सर थांबा, थांबा म्हणत होते आणि खुणा लिहीतच होत्या.

सर म्हणाले, “विनुता आणि गौरीश... दोघांचं गाव एकच कसं?”

उत्तर द्यायची वेळ आली नाही. ओघाओघात नऊचे अकरा झाले होते. गौरीशच्या चौकोनातल्या खिडकीत कौलीचं डोकं आलं. शिंगाला अबोली. कालच्या भांडणानंतरही त्यानं ती ओवली होती. कौलीनं पोती चाटली, मान काढून घेतली आणि त्याच्या चौकोनातून निघून गेली. अर्ध्या मिनिटानं तीच गाय, तीच अबोली घेऊन, माझ्या चौकोनातल्या खिडकीत आली.

हरिणी आधी हसली. मग पोन्नम्मा. मग सगळेच.

मी उठले. खिडकीशी जाऊन कौलीच्या शिंगावरचा वळेसर सोडवला. थोडा चघळलेला होता. परत येऊन कॅमेऱ्यासमोर बसले आणि दहा जणांच्या आणि रघुनंदन सरांच्या देखत तो माझ्या केसांत माळला, सावकाश. पिन दातात धरून.

“पुढचा मुद्दा?” मी विचारलं.

सरांना पुढचा मुद्दा आठवला नाही. सोमवारी कळवतो म्हणाले आणि निघून गेले. पलीकडे खुर्ची पडल्याचा आवाज झाला, मग पावलं. मी मोजत होते. बावीस पावलं त्यानं बहुतेक दहातच उरकली.

दारात उभा राहिला तो धापा टाकत.

“तिघींनी गाव म्हटल्यावर नाही म्हटलं,” मी म्हणाले. “मी गावालाच हो म्हटलंय. तू अजून विचारलंच नाहीस, एवढंच राहिलंय.”

“विचारलं तर... कारण विचारशील?”

“विचारीन. दहा ओळींत लिहून दे.”

त्यानं दहा ओळी लिहिल्या नाहीत. जे केलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. गपण्णा तेवढ्यात दुधाचं माप घेऊन आला आणि आल्या पावली मागे फिरला. हेही देवाला सांगणार नाही, असं बाहेरून ओरडला.

सरांनी सोमवारी नाही, पंधरा दिवसांनी कळवलं. अकरातल्या सात जणांना काढलं तर इस्पितळांचं काम कोण करणार, हे वरच्यांनाही कळलं असावं. सगळे जिथल्या तिथे राहिले. माझं मुख्यपण मात्र गेलं. ते बंगळूरच्या चौघांपैकी एकाला दिलं आणि तो बिचारा दिवसातून सात वेळा मला विचारून काम करतो. मला वाईट वाटलं का? वाटलं. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी त्याच्या एका कार्डाखाली मी लिहिलं, “कारण?”

साखरपुड्याला गपण्णानं मोठ्या मनानं मधली फळी काढून देतो म्हटलं, आता कशाला हवी म्हणून. आम्ही दोघंही एका सुरात नको म्हणालो. फळी काढली तर मीटिंगमध्ये आवाज घुमतो. म्हणून ती आहे तशीच आहे. फक्त मीटिंग संपली की पलीकडचा हिरवा ठिपका करडा होतो, आणि मी पावलं मोजायला लागते.